लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे कशी करावी

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला की अनेक जणी आधी स्वतःचीच समजूत घालतात, आणि लेखी तक्रारीचा विचार पक्का होईपर्यंत महिने उलटलेले असतात. भारतातील २०१३ चा कायदा मात्र तक्रारीसाठी घटनेपासून तीनच महिने देतो. प्रकार वारंवार घडला असेल, तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. उशिराचे कारण पटल्यास अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणारी कार्यालयातलीच समिती, ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. तक्रार करायची की नाही हे ठरलेले नसले, तरी नोंदी पहिल्या दिवसापासूनच ठेवाव्यात.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेच्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि तिच्या नेमणुकीचा आदेश दर्शनी भागी लावणे ही मालकाची जबाबदारी आहे. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घरकामगार महिलांनाही हाच मार्ग खुला आहे.

खरी मेहनत तक्रार लिहिण्यात घ्यावी. ‘साहेब त्रास देतात’ एवढ्या वाक्यावर समितीला चौकशीत विचारण्यासारखे फारसे काही मिळत नाही. त्याऐवजी कोणत्या तारखेला, साधारण किती वाजता, कोणत्या खोलीत, ती व्यक्ती नेमके काय बोलली किंवा तिने काय केले, त्या वेळी जवळपास कोण होते आणि त्यानंतर आपण कोणाला सांगितले, हे घटनाक्रमाने लिहावे. अश्लील बोलणे असेल, तर संकोच बाजूला ठेवून ते शब्द जसेच्या तसे उतरवावेत, कारण मोघम लिहिलेल्या जागीच पुढे उलटतपासणीचे प्रश्न येतात. संदेश, ईमेल, हजेरीच्या नोंदी जोडाव्यात. मूळ संदेश मोबाइलमधून पुसू नयेत. साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावेत आणि कागदपत्रांसह तक्रारीच्या सहा प्रती देऊन पोच घ्यावी. लिहिणे शक्य नसेल, तर तक्रार लेखी स्वरूपात आणण्यासाठी मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.

याच अर्जात अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंतचा तात्पुरता दिलासाही मागावा. ही तरतूद फार मोलाची आहे, पण मागितल्याशिवाय ती लागू होत नाही. चौकशी चालू असताना आपली किंवा समोरच्याची बदली, नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि आपल्या कामाचा गोपनीय अहवाल त्या अधिकाऱ्याऐवजी दुसऱ्याने लिहावा, असे लेखी मागता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली, त्याच्याच हाती आपली बढती असणे हा अन्याय यामुळे थांबू शकतो.

समिती सात कामकाजाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्या व्यक्तीला पाठवते व त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, म्हणून आपले म्हणणे आपल्याच शब्दांत मांडण्याची तयारी ठेवावी. समेट हवा असेल, तर तो तक्रारदार महिलेच्याच विनंतीवरून आणि चौकशी सुरू होण्यापूर्वी होऊ शकतो. पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. ‘मिटवून टाका’ असा दबाव आला, तर तोही समितीला लेखी कळवावा.

पुरावा कमी पडला, तर आपल्यावरच कारवाई होईल, या भीतीने अनेक तक्रारी लिहिल्याच जात नाहीत. कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की तक्रार सिद्ध करता न येणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे. कारवाईसाठी हेतुपुरस्सर खोटेपणा चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

समितीच्या चौकशी अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना मिळते आणि त्यातील शिफारशींवर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची असते. शिफारशी मान्य नसतील किंवा त्यांची अंमलबजावणी झाली नाही, तर नव्वद दिवसांत अपील करता येते. पोलिसांत फिर्याद देण्याचा मार्ग या सगळ्याहून वेगळा असून, समितीकडे तक्रार केल्याने तो बंद होत नाही.