कल्चर स्वच्छ दिसतं, पण पेशी आधीच चेतलेल्या असतात: या चुका टाळा

मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रावण) गढूळ झालं, गुलाबीचं पिवळं पडलं की फ्लास्क फेकायचा, हे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणं, शिकताना पहिल्याच दिवसांत कळतं. अशा संसर्गात एक फ्लास्क जातो, एक प्रयोग बुडतो. रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्यांनी धास्ती घ्यावी ती न दिसणाऱ्या संसर्गाची. मोनोसाइट, मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी यांचं कामच मुळी जिवाणूंचा माग काढणं. जिवाणू मेलेला असला, त्याच्या आवरणाचे तुकडेच काय ते उरले असले, तरी त्यांना पत्ता लागतो.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातला एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड), म्हणजेच एंडोटॉक्सिन, सीडी१४ आणि एमडी-२ या प्रथिनांच्या मदतीने पेशीवरच्या टीएलआर४ या ग्राहीला जागं करतो. मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमच्या आसपास एलपीएस असला, तरी मानवी मोनोसाइट टीएनएफ आणि आयएल-६ हे दाह वाढवणारे रेणू सोडू लागतात. डेंड्रिटिक पेशींवर सीडी८० आणि सीडी८६ ही पेशी चेतल्याची खूण असलेली प्रथिनं वाढतात. आपण समजतो, आपल्या रेणूने परिणाम दाखवला.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘ऑटोक्लेव्ह केलंय, फिल्टरही केलंय, आता काळजी नाही’. निर्जंतुक आणि एंडोटॉक्सिनमुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२१ अंश सेल्सियसला जिवाणू मरतात, एलपीएस बऱ्याच अंशी टिकतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तो सहज पलीकडे जातो. काचसामान खरोखर मोकळं करायचं तर २५० अंशांची कोरडी उष्णता किमान अर्धा तास द्यावी लागते. पाणी, बफर, सीरम हे एंडोटॉक्सिनची पातळी छापलेल्या लॉटमधलंच घ्या आणि लॉट नंबर वहीत लिहा. निकाल बिनसले की हा नंबरच आधी लागतो.

दुसरी चूक नेहमीच्या पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनवर विसंबण्याची. औषधाने जिवाणू फुटतात तेव्हा त्यांचा एलपीएस मीडियममध्येच सुटतो, म्हणजे गढूळपणा जातो आणि पेशींना चेतवणारा एलपीएस उरतो. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला तर पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. मिलिलिटरमागे कोट्यवधी मायकोप्लाझ्मा असूनही मीडियम नितळ दिसू शकतं. त्याचे लिपोप्रोटीन (मेद जोडलेली प्रथिनं) टीएलआर२ ही दुसरी ग्राही चेतवतात. काही जाती मीडियममधलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात, त्यामुळे टी-पेशींची वाढ खुंटते. काही थायमिडीन हा डीएनएचा घटक मोडतात, त्यामुळे थायमिडीनवर आधारलेली वाढीची चाचणी खोटा आकडा देते. म्हणून बाहेरून आलेली प्रत्येक सेल लाइन पीसीआर किंवा डीएनए रंगवणाऱ्या होएक्स्ट रंगाने तपासून होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

आता ई. कोलाय या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूत बनवलेल्या प्रथिनांबद्दल, कारण इथे चांगले अनुभवी लोकही फसले आहेत. एचएसपी६० आणि एचएसपी७० ही ‘हीट शॉक’ प्रथिनं थेट टीएलआर४ चेतवतात असे निष्कर्ष एकेकाळी मांडले गेले. पुढे एलपीएस नीट काढून टाकलेली प्रथिनं वापरल्यावर त्यातला बराचसा परिणाम नाहीसा झाला. प्रथिनं वेगळी करून पाहण्याच्या जेलवर प्रथिन एकाच पट्टीत दिसलं म्हणून ते शुद्ध ठरत नाही. त्या जेलवर एलपीएस दिसतच नाही.

म्हणून कल्चर प्लेटमध्ये तीन विहिरी (वेल) जास्तीच्या लावाच. पहिलीत प्रथिन उकळून घाला: परिणाम तसाच राहिला, तर तो एलपीएसचा असण्याची दाट शक्यता, कारण उकळल्यावर प्रथिन बिघडतं, एलपीएस नाही. दुसरीत प्रोटिनेज के वापरून प्रथिन पचवून घाला. एन्झाइम नंतर निष्क्रिय करा आणि नुसत्या एन्झाइमची विहीर सोबत ठेवा. तिसरीत पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक घाला, तो एलपीएसला बांधून ठेवतो. मात्र लिपोप्रोटीनसमोर तो लंगडा पडतो, तेव्हा पॉलिमिक्सिनने परिणाम थांबला नाही म्हणजे प्रथिन निर्दोष, असं समजू नका.

एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल चाचणीचा आकडाही डोळे मिटून घेऊ नये. काही नमुने चाचणीतच अडथळा आणतात. माहीत असलेला एलपीएस नमुन्यात घालून तो पूर्ण परत मिळतो का, हे पाहिल्याशिवाय ‘शून्य’ला अर्थ नाही. उलट, बुरशीच्या बीटा-ग्लुकानमुळे आकडा फुगतो. रिकॉम्बिनंट फॅक्टर सी वापरणाऱ्या चाचणीत ही अडचण येत नाही.

कधी चित्र उलटंही दिसतं. आधीच एलपीएस लागलेले मॅक्रोफेज नंतर पुन्हा चेतवल्यावर थंड प्रतिसाद देतात, याला एंडोटॉक्सिन सहनशीलता म्हणतात. अशा वेळी निरुपद्रवी औषधही ‘दाहशामक’ भासू शकतं. काहीच न घातलेल्या विहिरीतला टीएनएफ वजा करून पुढे जाण्याची सवय इथेच घात करते. तो आकडा नेहमीपेक्षा वर दिसला, तर प्रयोग थांबवा. ताज्या पेशी घ्या. मीडियम, सीरम, बफर आणि प्लास्टिक यांपैकी एका वेळी एकच गोष्ट नव्या लॉटची वापरा, बाकी सगळं तसंच ठेवा. ज्या बदलाने आकडा खाली येईल, तो लॉट बाजूला काढा आणि त्यावर झालेले जुने प्रयोग पुन्हा करा.