फुलपाखरामुळे खरंच वादळ येतं का? एक्सेलमध्ये स्वतः करून बघा

फुलपाखराने पंख हलवला आणि हजारो किलोमीटरवर वादळ आलं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. काहीजण डोळे झाकून विश्वास ठेवतात, काहीजण फालतू म्हणून सोडून देतात. मला वाटतं दोघांनीही आधी अर्धा तास काढून हे तपासून बघावं. एक्सेल किंवा गूगल शीट हवी आणि शाळेतलं गणित, बस.

नवीन शीट उघडा, ए१ मध्ये ०.३ टाका, ए२ मध्ये =४*ए१*(१-ए१) लिहा (टाइप करताना अक्षरं-आकडे इंग्रजी कीबोर्डचेच घ्या) आणि हा फॉर्म्युला साठाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. बी कॉलममध्ये अगदी हेच करा (फॉर्म्युल्यात ए१ च्या जागी बी१), फक्त सुरुवात ०.३००१ पासून. आता दोन्ही कॉलम शेजारी शेजारी वाचत खाली या. दुसऱ्या ओळीत ०.८४ आणि ०.८४०१६, म्हणजे काहीच फरक नाही, तिसरीत ०.५३७६ आणि ०.५३७२, अजूनही ठीक, पण अकराव्या ओळीत ०.०४३ आणि ०.०१० दिसतं, चौदाव्यात ०.९८८ आणि ०.५००, आणि पंधराव्यात एकीकडे ०.०४६ तर दुसरीकडे जवळजवळ १! नियम एकच, नशिबाचा किंवा रँडमचा कुठे संबंध नाही, तरी पंधराव्या ओळीत दोघं पार दोन टोकांना. याला लॉजिस्टिक मॅप म्हणतात, शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर लिहिलं होतं, प्राण्यांची संख्या वर्षागणिक कशी बदलते त्या संदर्भात.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्यासमोर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत हेच आलं. ते कॉम्प्युटरवर हवामानाचं छोटंसं मॉडेल चालवत होते, एक रन (म्हणजे मॉडेलची एक फेरी) मधूनच परत सुरू करायला त्यांनी प्रिंटवरचा ०.५०६ टाकला, मशीनच्या आत मात्र ०.५०६१२७ होता, आणि थोड्या वेळाने दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती स्टेप, ही गाळू नका. सी कॉलममध्ये ०.३०००००१ टाका आणि फॉर्म्युला तसाच खाली ओढा, म्हणजे सुरुवातीची चूक आधीपेक्षा हजारपट कमी. आपल्याला वाटतं की आता हजारपट लांबपर्यंत बरोबर चालेल, पण ए आणि सी साधारण पंचविसाव्या ओळीच्या आसपास वेगळे होतात. हजारपट अचूक मोजून मिळाल्या फक्त दहाएक ओळी! कारण इथे चूक प्रत्येक ओळीत सरासरी दुप्पट होते आणि दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ होतात. हवामानाचा रोजचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे का जात नाही त्याच्या मुळाशी हेच आहे, सॅटेलाइट कितीही चांगले आणा.

पण लगेच 'लहान कारणाने काहीही होऊ शकतं' असं म्हणायला जाऊ नका. सगळ्या कॉलममध्ये ४ च्या जागी २.८ टाका. साठाव्या ओळीला सगळे ०.६४३ वर येऊन बसतात, सुरुवात ०.३ ने करा की ०.९ ने, फरक मरून जातो. ३.२ टाकलंत तर आकडे ०.५१३ आणि ०.७९९ यांच्यातच आलटून पालटून फिरत राहतात. म्हणून कोणी फुलपाखराची गोष्ट सांगितली की आधी विचारायचं, इथे फरक वाढतोय की विरतोय? बहुतेक किस्स्यांमध्ये हे कोणी तपासलेलंच नसतं.

परत ४ करा आणि ए, बी दोन्ही १००० ओळींपर्यंत ओढा, मग ०.१ पेक्षा लहान आकडे किती ते काउंटइफ (COUNTIF) या फॉर्म्युल्याने मोजा. दोन्हीकडे २०० च्या आसपास येतील. कुठल्या ओळीत काय येईल ते अजिबात जुळत नाही, पण एकूण स्वभाव जुळतो. आपल्याकडे मे महिना तापणार आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असणार हे महिनोन्‌महिने आधी सांगता येतं, अमुक तारखेला संध्याकाळी सात वाजता काय ते नाही, तसंच हे.

आणि वादळाचा दोष फुलपाखराला देता येतो का? नाही. ही गोष्ट प्रसिद्ध झाली ती लॉरेन्झ यांच्या १९७२ च्या भाषणामुळे, आणि त्याच्या नावातच प्रश्नचिन्ह होतं: 'ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीने टेक्सासमध्ये टॉर्नेडो येतो का?' (नाव सत्राचे आयोजक फिलिप मेरिलीझ यांनी दिलं होतं), आणि भाषणात ते स्वतः म्हणाले की पंखाची फडफड वादळ आणू शकत असेल तर ती तितकंच ते टाळूही शकते. शिवाय तशा कोट्यवधी फडफडी रोज चालू असतात. शीटमध्ये आपण बी कॉलम वेगळा चालवून बघितला, पृथ्वीचा बी कॉलम कुठून आणणार?

म्हणून हवामानवाले आता एकच अंदाज काढत नाहीत. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ हे हवामान अंदाजाचं केंद्र १९९२ पासून सुरुवात मुद्दाम थोडी थोडी बदलून मॉडेल अनेकदा चालवतं, किती रनमध्ये पाऊस आला त्यावरून शक्यता काढतात.

हे इंदूरात वापरायचं तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या घ्या, म्हणजे कापड मिलच्या कामगारांनी सुरू केलेली देखाव्यांची मिरवणूक. मिल बंद पडून वर्षं झाली तरी झांक्या निघतात, अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, आणि महिनाभर आधीच कोणीतरी मोबाईलवर त्या रात्रीचा पाऊस दाखवतं. त्याकडे बघूच नका. पाच-सहा दिवस आधी बघायला लागा आणि रोज टक्के लिहून ठेवा. आकडा एका जागी टिकला तर भरवसा ठेवा, रोज ३० चे ७० आणि ७० चे २० होत असतील तर समजा अजून रन एकमेकांशी जुळत नाहीयेत, आणि आजी-आजोबांना राजवाड्यापर्यंत न्यायचं की ओळखीच्या कोणाच्या गॅलरीत बसवायचं ते त्या दिवशी सकाळीच ठरवा.