नाताळाचा फ्रूटकेक मुरवताना

अमेरिकेत फ्रूटकेकची खूप चेष्टा होते. कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्जमध्ये तर तो लांब फेकण्याची स्पर्धाच भरत आली आहे. न मुरवलेल्या, कोरड्या केकवर ती चेष्टा शोभते. ब्रिटिश पद्धतीने तो नाताळाच्या सहा-आठ आठवडे आधी भाजतात.

८०० ग्रॅम मनुका-बेदाणे १५० मिली ब्रँडीत रात्रभर भिजवा. लोणी, ब्राउन शुगर, मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, अंडी ४. मिश्रण घट्टच हवं, पातळ झालं की फळं तळाशी बसतात. २० सेंमीच्या टिनला बटर पेपरचे दोन थर द्या, नाहीतर कडा करपतात आणि मधोमध कच्चं राहतं. १५० अंशांवर तीन-साडेतीन तास.

पूर्ण गार झाल्यावर आधी बटर पेपर, मग फॉइल. दर आठवड्याला काडीने टोचून दोन चमचे ब्रँडी. जास्त झाली तर केक गिच्च. मार्झिपान (बदाम-साखरेचा थर) लावायच्या आधीचा आठवडा ब्रँडी बंद.