फोटोवाल्याला आवरा, डेटाबेसला कॅश आपोआप मिळेल

एकाच सर्व्हरवर दोन-तीन वेगवेगळी कामं चालवायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी कळंगुट-कांदोळीकडच्या लहान हॉटेलांच्या बुकिंगचा सर्व्हर सांभाळते. ऑफिस पणजीत, पाटोवर. मशीन एकच: इंटेल झिऑन सिल्व्हर ४११०, ८ कोअर, ११ एमबी एल३ कॅश, म्हणजे चिपच्या आतली लहान पण वेगवान मेमरी. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो, आणि हॉटेलवाले खोल्यांचे, स्विमिंग पूलचे जे भलेमोठे फोटो पाठवतात ते लहान करणारा एक प्रोग्रॅमही. डिसेंबरात दोन्हीकडे एकदमच झुंबड. टॉप (मशीनवरचा ताण दाखवणारी कमांड) उघडून पाहावं तर निम्मे कोअर मोकळे, रॅम भरपूर शिल्लक, आणि तरी मॅनेजरचा फोन: "ताई, तारखा टाकल्या की पान नुसतं फिरत बसतंय."

अशा वेळी संशय एल३वर घ्यायचा. कॅशच्या तीन पायऱ्या असतात. एल१ आणि एल२ ज्याच्या-त्याच्या कोअरचे असतात. या चिपवर प्रत्येक कोअरला १ एमबी एल२ आहे. एल३ मात्र आठही कोअरांत सामाईक. हवी ती माहिती तिथे सापडली तर वीसेक नॅनोसेकंदांत काम होतं, नाहीतर रॅमपर्यंत हेलपाटा, म्हणजे त्याच्या चारेक पट वेळ. आणि एल३मध्ये जागा कुणाला मिळते? ढोबळमानाने, जो जास्त मागतो त्याला. देवळातल्या समाराधनेला एखादा पानावर सगळं वाढून घेतो आणि अर्धं टाकून उठतो, वाढणारा काही विचारत नाही, तसंच हे. फोटोचा प्रोग्रॅम प्रत्येक बाइट एकदाच वाचतो, पुन्हा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तो भराभर वाचतो, म्हणून पोस्टग्रेसच्या पुन्हापुन्हा लागणाऱ्या इंडेक्सची पानं एल३मधून बाहेर ढकलली जातात. नाइस कमांड लावून उपयोग नाही. नाइस प्रोसेसरच्या वेळेची वाटणी करतो, कॅशशी त्याला देणंघेणं नाही.

मोइनुद्दीन कुरेशी आणि येल पॅट या संशोधकांनी २००६ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता: कॅश मागणीप्रमाणे न वाटता, एक हिस्सा जास्त दिला तर कुणाचे किती मिस (हवं ते कॅशमध्ये न सापडणं) कमी होतात ते मोजून वाटावी. त्यांनी ती मोजणी हार्डवेअरमध्येच करायची सुचवली. आपल्याला ती हाताने करायची आहे. जड नाही, पण चिकाटी लागते.

आधी चिपला वाटणी येते का ते बघा. चिपची माहिती देणाऱ्या प्रॉक-सीपीयूइन्फो फाइलीतल्या फ्लॅग्जच्या ओळीत कॅट-एल३ दिसला की वाटणी करता येते, सीक्यूएम-ऑक्युप-एलएलसी दिसला की कोण किती जागा अडवून बसलाय ते मोजताही येतं. लिनक्समध्ये २०१७ पासून, वाटणीची कर्नल ४.१० पासून आणि मोजणीची ४.१४ पासून, याची सोय रिसकंट्रोल नावाच्या फाइलसिस्टिममध्ये आहे. ती सिस-एफएसखाली माउंट केली की इन्फो फोल्डरात चिपची कुंडली मिळते. आमच्याकडे मास्क, म्हणजे कुठले हिस्से वापरायचे ते सांगणारा आकडा, ११ बिटांचा आहे, म्हणजे एल३चे ११ वे (हिस्से). कॅशही ११ एमबीच, त्यामुळे एक बिट म्हणजे बरोबर १ एमबी. हिशेबाला इतकी सोयीची चिप क्वचितच मिळते!

याच फोल्डरात शेअरेबल-बिट्स नावाची फाइल आहे, ती बहुतेक जण उघडत नाहीत. आमच्याकडे त्यात वरचे दोन बिट दिसतात. नेटवर्क कार्डावरून येणारा डेटा चिप थेट एल३मध्ये आणून ठेवते, तो या दोन वेंमध्ये. म्हणजे अकरातले नऊच वे निव्वळ आपल्या हिशेबाचे.

आता मोजणी. वाटणीला हात लावण्याआधी मॉन-ग्रुप्स फोल्डरात दोन फोल्डर बनवा, एक डेटाबेसचा, एक फोटोंचा, आणि प्रत्येकातल्या टास्क्स फाइलीत त्या-त्या प्रोसेसचे आकडे लिहा. इथे दोन गोष्टी जपा. टास्क्समध्ये आकडा लिहिला की तेवढा एकच थ्रेड हलतो, अख्खा प्रोग्रॅम नाही. फोटोचा प्रोग्रॅम बहुथ्रेडी असेल तर प्रत्येक थ्रेडचा आकडा लिहावा लागतो. आणि पोस्टग्रेस दर कनेक्शनला नवी प्रोसेस काढतो. मुख्य प्रोसेस गटात टाकली की पुढची सगळी पोरं आपोआप त्याच गटात जन्मतात, आधीपासून उघडी असलेली कनेक्शनं मात्र बाहेरच राहतात. म्हणून कनेक्शन-पूल एकदा रिस्टार्ट करून मगच आकड्यांवर विश्वास ठेवा. त्यानंतर मॉन-डेटामधली एलएलसी-ऑक्युपन्सी फाइल (एलएलसी म्हणजे शेवटच्या पायरीची कॅश, इथे एल३) दर काही सेकंदांनी वाचत राहा. फोटोंचं काम सुरू होताच डेटाबेसचा आकडा घसरायला लागला आणि पर्फ-स्टॅट या मोजणीच्या कमांडमध्ये त्याचे एलएलसी मिस चढले, तर चोर सापडला. दोन्ही जागच्या जागी राहिले तर कॅशला दोष देऊ नका, डिस्ककडे किंवा लॉककडे बघा.

वाटणी करताना सगळ्यांचा पहिला विचार असतो की लाडक्या प्रोग्रॅमभोवती कुंपण घालावं. माझं मत उलट आहे: दांडगोबाला कोपऱ्यात बसवा, बाकीच्यांना मोकळं सोडा. डेटाबेसला सात वे राखून ठेवले आणि तो रात्री झोपला, तर ते सात वे रिकामे पडून राहतात. त्याऐवजी रिसकंट्रोलच्या मुळाशी फोटो नावाचा एक गट काढा, त्याच्या टास्क्स फाइलीत फोटोवाल्याचे आकडे लिहा आणि मास्क ठरवणाऱ्या स्कीमाटा फाइलीत एल३साठी ३ लिहा. ३ म्हणजे खालचे दोन बिट, म्हणजे २ एमबी. मूळ गटाचा मास्क होता तसाच पूर्ण राहू द्या. आता फोटोवाला काहीही वाचो, त्याचा नवा डेटा त्या दोन वेंतच येऊन पडेल. एकच वे देऊ नका. कॅशच्या प्रत्येक सेटमध्ये (कप्प्यात) एकच जागा उरते आणि त्याच्या स्वतःच्याच ओळी (कॅशमध्ये एकदम येणारे ६४ बाइटांचे तुकडे) एकमेकींना हाकलत राहतात. इंटेलच्या या चिपवर बिट सलग लागतात, मध्ये फट ठेवलीत तर लिहिताक्षणी नकार मिळतो.

लिहिल्या-लिहिल्या आकडे बघायला धावू नका. मास्क बदलल्याने आधीच आत असलेला डेटा पुसला जात नाही, तो हळूहळू बदलत जातो. शिवाय मास्क फक्त नवा डेटा कुठे ठेवायचा एवढंच ठरवतो. दुसऱ्याच्या वेमध्ये असलेली ओळ सापडली तर ती बिनदिक्कत वाचता येते. ही त्रुटी नाही, रचनाच तशी आहे.

किती वे पुरतात हे डेटाबेसच्याच बाबतीत शोधायचं असेल तर कामाचा एकसारखा नमुना घ्या, डेटाबेसला तात्पुरता वेगळा गट द्या आणि अकरापासून एकेक वे कमी करत उत्तराचा वेळ लिहून ठेवा. बराच वेळ रेघ सपाट चालते आणि एका जागी एकदम वर वळते. ते वळण कळलं की त्याच्या अलीकडचं सगळं दुसऱ्यांना खुशाल द्या.

एक धोका राहतो. फोटोवाल्याची कॅश कापली की तो रॅमकडे जास्त धावू शकतो आणि तिथला रस्ता तुंबतो. एमबीएम-टोटल-बाइट्सचा, म्हणजे रॅमशी झालेल्या वाहतुकीचा, आकडा फुगला तर त्याच स्कीमाटात एमबीची (मेमरी बँडविड्थची, मेगाबाइटची नव्हे) ओळ ५० टक्क्यांवर आणून पाहा. पण हा चाप फिजिकल कोअरवर बसतो. एक कोअर दोन असल्यासारखा चालतो, ते त्याचे दोन हायपरथ्रेड. त्याच कोअरच्या दुसऱ्या हायपरथ्रेडवर पोस्टग्रेस असेल तर तोही बिचारा ताटकळतो. म्हणून टास्कसेट कमांडने (कुठलं काम कुठल्या कोअरवर चालावं ते ती ठरवते) फोटोंच्या कामाला अख्खे कोअर, दोन्ही हायपरथ्रेडांसकट, वेगळे काढून द्या. टक्क्यांना फार चिकटू नका, ते अंदाजपंचे असतात.

हे सगळं मेमरीत राहतं, रिबूट झालं की गेलं. आमच्याकडे जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या की वीज किती वेळा जाईल ते सांगता येत नाही, आणि यूपीएसलाही मर्यादा असते. मशीन चालू होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीत एक लहानशी सर्व्हिस लिहून माउंट, गट आणि मास्क पोस्टग्रेस सुरू होण्याआधी बसवा. वाटणी मोडायची झाली तर गटाचा फोल्डर काढून टाका, त्यातल्या प्रोसेस मूळ गटात परततात.

फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं विचारतात, लॅपटॉपवर हे करता येईल का? साध्या लॅपटॉपच्या चिपमध्ये कॅट, म्हणजे ही कॅश-वाटणीची सोय, बहुधा नसतो. मग दोन गोष्टी करा. सिसमधल्या सीपीयू-कॅश फोल्डरात इंडेक्स३ खाली शेअर्ड-सीपीयू-लिस्ट बघा. एएमडीच्या डेस्कटॉप रायझन चिपच्या झेन २ पिढीत चार कोअरांच्या गटाला १६ एमबी एल३ असतो, झेन ३मध्ये आठ कोअरांना ३२. यादीत दोन गट दिसले तर टास्कसेटने दोन कामं दोन गटांत टाका, वाटणी झालीच. आणि तुमच्याच प्रोग्रॅमचे थ्रेड आपापले काउंटर शेजारी-शेजारी ठेवत असतील तर ते ६४ बाइटांच्या एकाच कॅशलाइनसाठी भांडत बसतात. पर्फ-सीटूसी ही कमांड ती ओळ नेमकी दाखवते, प्रत्येक काउंटरला ६४ बाइटांवर अलाइन करा.