नवकल्पना, नाती आणि समाजबदल: वाचनाची सुरुवात कुठून करावी

कृषी विस्तार, समाजकार्य, समाजशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण शिकायला येणारी मुलं पहिल्याच सत्रात विचारतात, "नवीन गोष्टी समाजात कशा पसरतात यावर आधी काय वाचू?" हातात बहुतेक वेळा भली मोठी यादी असते आणि तिच्यात सगळ्यात वर सगळ्यात जाड ग्रंथ. माझं उत्तर ठरलेलं आहे. सिद्धान्ताच्या ग्रंथांनी सुरुवात करू नका. एका गावात एका गोष्टीचं नेमकं काय झालं, हे सांगणारे अभ्यास आधी वाचा. सिद्धान्त तिथेच सापडतो, आणि माणसांसकट सापडल्यामुळे लक्षातही राहतो.

मी कृषी विस्तारात एम.एस्सी. केलं. आमच्याकडे एव्हरेट रॉजर्स हा अमेरिकन अभ्यासक म्हणजे परीक्षेतला हमखास प्रश्न. नवी गोष्ट कोण किती लवकर उचलतं यावरून त्याने लोकांचे पाच गट केले: नवप्रवर्तक अडीच टक्के, मग साडेतेरा, चौतीस, चौतीस आणि शेवटी मागे राहणारे सोळा टक्के. घंटेच्या आकाराची आकृती काढायची, पाच नावं लिहायची, गुण घ्यायचे. त्याचं 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' (1962) हे पुस्तक आणि त्याचं आयुष्य शेजारी ठेवून पाहिलं की मात्र वेगळाच माणूस भेटतो. तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा. वडिलांना यंत्रांची हौस, पण संकरित मक्याला त्यांचा ठाम नकार. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा वाळून गेला, तेव्हा कुठे त्यांचं मन वळलं. आयुष्यभर हा माणूस 'लोक ऐकत का नाहीत' हा प्रश्न का धरून बसला, ते इथे कळतं. पुस्तकाची पाचवी आवृत्ती (2003) मिळवा. ती त्याची शेवटची.

त्यातलं पेरूमधल्या लॉस मोलिनोस गावाचं उदाहरण सावकाश वाचा. नेलिदा नावाची आरोग्य सेविका दोन वर्षं बायकांना पाणी उकळून प्यायला सांगत घरोघर फिरली. गावात सुमारे 200 कुटुंबं, आणि तिच्या सांगण्यावरून नव्याने पाणी उकळू लागली फक्त 11. कारण गावात पदार्थांची उष्ण-थंड अशी विभागणी होती आणि उकळलेलं पाणी हे आजाऱ्याचं पाणी समजलं जायचं. धडधाकट माणसाने ते का प्यावं? आपल्याकडे बाळंतिणीच्या आहाराबद्दल कुणाशी बोलला असाल, तर हे समजायला तुम्हाला वेळ लागणार नाही. दुसरं कारण त्याहून बोलकं आहे. नेलिदाने ज्या बायकांवर भर दिला त्यांपैकी एक गावात 'सदा आजारी' म्हणून ओळखली जायची, तर दुसरी डोंगराळ भागातून आलेली, परकी. त्यांचं बघून कोण शिकणार? गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या बायकांपर्यंत नेलिदा पोचलीच नाही. प्रत्यक्ष कामावर जाणाऱ्याने ही चार-पाच पानं आधी वाचावीत.

याच्या जोडीला रायन आणि ग्रॉस यांचा 1943 चा मक्याचा अभ्यास घ्या. 259 शेतकऱ्यांच्या मुलाखती. संकरित बियाण्याची पहिली माहिती सगळ्यात जास्त जणांना विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्यामुळे. माहिती देणारा वेगळा आणि भरवसा देणारा वेगळा, हे तेव्हाच कागदावर आलं होतं.

मग समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा 'द स्ट्रेंग्थ ऑफ वीक टाइज' हा लेख. वीसेक पानांचाच आहे, तेव्हा सारांशावर भागवू नका. बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात. 'नेहमी' म्हणणारे जेमतेम सतरा टक्के निघाले. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. नोकरी शोधणाऱ्यांनी हा लेख स्वतःसाठी म्हणूनही वाचावा. तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या मुलांकडे हुशारी असते, लांबच्या ओळखी नसतात, आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. ज्या गोष्टीत पैसा, कष्ट किंवा अब्रू पणाला लागते, तिथे एका लांबच्या ओळखीचं सांगणं पुरत नाही, आपल्यातल्या दोन-तीन जणांनी ते केलेलं दिसावं लागतं. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांचा 2010 चा प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. त्यानंतर कर्नाटकातल्या गावांमधला सूक्ष्मकर्जाचा अभ्यास वाचा. तो बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो आणि जॅक्सन यांनी 2013 मध्ये छापला. ज्यांनी स्वतः कर्ज घेतलं नाही, त्यांनीही बातमी पुढे नेली, हा त्यातला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपल्या अहवालांत 'लाभार्थी' तेवढे मोजले जातात, वाहक कुणी मोजत नाही.

हे वाचत असतानाच एक काम करा. कुठल्याही गावात किंवा वस्तीत जा आणि एकाच गोष्टीबद्दल विचारा, ठिबक असो, नवं वाण असो की मोबाइलवरून पैसे देणं असो. "पहिल्यांदा कोणाकडून ऐकलं? आणि कोणाचं बघून केलं?" दोन्ही नावं वहीत लिहा आणि बाण काढा. मी जिथे जिथे हे केलं, तिथे दोन प्रकारचे बाण वेगवेगळ्या माणसांकडे गेले, आणि काही घरांकडे एकही बाण गेला नाही. ती घरं कुणाची आहेत, ते बघा. खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

कारण या शास्त्रात एक जुना दोष आहे: नवं ते चांगलंच, असं ते गृहीत धरतं. रॉजर्सने नंतरच्या आवृत्त्यांत तो स्वतः मांडला. कॅलिफोर्नियात टोमॅटो काढणीचं यंत्र आलं, तेव्हा काही वर्षांतच उत्पादक सुमारे 4000 वरून 600 वर आले आणि हजारो मजुरांचं काम गेलं. 'मागे राहणारे' हा शब्द वापरण्याआधी हे आठवा. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (2006) यावर चांगला उतारा आहे. लोक प्रत्यक्षात काय वापरतात, यावरून ते तंत्रज्ञानाचा इतिहास लिहितात.

सगळ्यात आग्रहाने सांगायचा लेख मात्र या विषयाच्या याद्यांत सहसा नसतो. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतलं, इतरांनी अनुकरण केलं, आणि ज्यांना अनुकरण करायचं नव्हतं त्यांच्यावर दारं आपोआप बंद झाली, अशी त्यांची मांडणी. पुरावा बघा: ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींत सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा, थोड्या लांबच्यांत शेवटच्या दोन, त्याहून लांबच्यांत फक्त बालविवाह, आणि सर्वांत लांबच्यांत जातीच्या तत्त्वावरचा विश्वास तेवढा. प्रतिष्ठा आणि अंतर यांवर अनुकरण कसं ठरतं, हे सांगताना ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा आधार घेतात, आणि रॉजर्सही या शास्त्राचा पूर्वज म्हणून तार्दचंच नाव घेतो. म्हणजे प्रसाराचा हा विचार बाबासाहेबांनी रॉजर्सच्या पुस्तकाच्या 46 वर्षं आधी वापरला, आणि तोही अन्याय कसा पसरतो हे दाखवायला. महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये काढलेल्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे'च्या पहिल्या खंडात तो निबंध आहे. त्यानंतर गेल ऑम्वेट यांचं 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' (1976) घ्या. सत्यशोधक विचार गावोगावी कसा पोचला, जलशांनी त्यात काय केलं, हे त्यात आहे.

ओळखींच्या जाळ्यांचं गणित शेवटी ठेवा. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांचा 1998 चा 'नेचर'मधला लेख तीनच पानांचा आहे. तुमची बाणांची वही शेजारी उघडी ठेवून तो वाचा, आणि त्यातले ठिपके म्हणजे तुमच्या गावातली कोणती घरं, हे समासात लिहीत जा.