हे वचन कोणत्या बायबलातलं?

सतराव्या शतकातली इंग्रजी प्रवचनं अभ्यासाला घेतली तेव्हा माझ्या टेबलावर एकच बायबल होतं, राजा जेम्सच्या आज्ञेनं झालेलं १६११ सालचं. जॉन डन किंवा लॅन्सलॉट अँड्र्यूज या त्या काळच्या नामवंत धर्मोपदेशकांचं प्रवचन उघडायचं, त्यातली वचनं या बायबलाशी ताडायची. शब्द जुळले की 'अवतरण', नाही जुळले की 'भावानुवाद'. चार महिने असे तक्ते भरले आणि शेवटी सगळे बाद केले. नव्यानं येणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून हे लिहितेय.

त्या काळच्या धर्मोपदेशकाच्या डोक्यात एक बायबल नसायचं. १५६०चं जिनीव्हा बायबल घरोघरी वाचलं जाई. १५६८चं बिशपांचं बायबल चर्चमध्ये असे. स्तोत्रं मात्र इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातून म्हटली जात आणि ती आणखी जुन्या, कव्हरडेल या भाषांतरकाराच्या भाषांतरातली होती. शिक्षण लॅटिनमधून झालेलं, त्यामुळे व्हल्गेट हे लॅटिन बायबल तोंडपाठ. स्वतः अँड्र्यूज १६११च्या भाषांतराच्या एका गटाचे प्रमुख होते, तरी प्रवचनात ते जिनीव्हाचे शब्द वापरतात, नाहीतर लॅटिन वचन देऊन तिथल्या तिथे स्वतःचं इंग्रजी करतात. एवढंच कशाला, १६११च्या बायबलाच्या प्रस्तावनेतच जिनीव्हातली वचनं आहेत! हे कळलं त्या दिवशी माझ्या तक्त्यांतला अर्थ गेला.

त्रेसष्टाव्या स्तोत्रातलं एक वचन घ्या. डन यांनी त्यावर जानेवारी १६२६ मध्ये लंडनच्या सेंट पॉल्समध्ये प्रवचन दिलं. (तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जुन्या गणनेत ते १६२५ असतं. तारखा नोंदवताना हे सांभाळा.) १६११च्या पाठात देव 'हेल्प' आहे आणि भक्त त्याच्या पंखांच्या सावली'त' आनंद करतो. जिनीव्हात आणि प्रार्थनापुस्तकात देव 'हेल्पर' आहे आणि भक्त सावली'खाली' आहे. म्हणजे 'अंडर' (खाली) म्हणणारा उपदेशक काहीच बदलत नसतो, तो दुसऱ्या पाठातलं वचन जसंच्या तसं देत असतो. आकड्यांचंही तेच. १६११मधलं सातवं वचन प्रार्थनापुस्तकात आठवं आहे आणि व्हल्गेटमध्ये ते स्तोत्रच बासष्टावं. समासात बासष्ट दिसलं की मी 'मुद्रकाची चूक' अशी नोंद करायचे.

आपल्याकडे ओवीचे पाठभेद माहीत असलेला माणूस कीर्तनकाराला लगेच चुकीचा ठरवत नाही. तीच सवय इथे लावून घ्या.

सगळे पाठ ताडूनही जे जुळत नाही, ते खरं मोलाचं. बहुतेकदा तिथे सर्वनाम हललेलं असतं. स्तोत्रातल्या दाविद राजाचा 'मी' प्रवचनात 'आपण' होतो आणि समोरची मंडळी स्तोत्रात सामील होतात. कीर्तनकार अभंगाचं एक चरण धरून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो, तसा डन वचनाचा तुकडा धरतो. अँड्र्यूज तर एकेक शब्द सुटा करून पिळतात. हे दिसायला लागलं तेव्हा मला हा विषय खरा आवडला.

वाचनाच्या दोन गोष्टी. जुन्या छापील पुस्तकांची टंकलिखित रूपं 'अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन'च्या प्रकल्पातून मोफत मिळतात, पण शोधताना जुनं स्पेलिंग द्या. 'अंडर' बऱ्याचदा 'यू'नं नाही, 'व्ही'नं सुरू होतो. आणि तिरपा टाइप म्हणजे अवतरणचिन्ह समजू नका. नावं, लॅटिन शब्द, जोर द्यायचे शब्द, सगळंच तिरपं असतं.

'आठवणीतून सांगताना चुकला' हा शेरा मी आता जवळजवळ लिहीतच नाही. पुष्कळ प्रवचनं टिपणांवरून दिली जात आणि पूर्ण मजकूर नंतर लिहून काढला जाई. तेव्हा पुस्तक जवळ होतं की नव्हतं, हे आपण कशावरून ठरवणार? माझ्या नव्या तक्त्यात प्रत्येक वचनापुढे आधी पाच पाठांचे रकाने आहेत. 'बदल' हा रकाना अगदी शेवटी, आणि तो पेन्सिलीनं भरते.