जपानच्या बंदरगावात मासे खायला जाताना: कोल्हापूरच्या जिभेसाठी

कोल्हापुरात मासा येतो तो घाट चढून. रत्नागिरी-मालवणचा माल बर्फाच्या पेट्यांतून वर येतो आणि आपण त्याला हळद, कोकम, लाल तिखट चोळून तव्यावर टाकतो. जपानच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात मासा पहाटे धक्क्यावर उतरतो, तिथंच लिलाव होतो आणि अकरा वाजता समोरच्या दहा-पंधरा खुर्च्यांच्या खानावळीत ताटात येतो. वर मीठ किंवा सोया सॉस, एवढंच. तिखटाला सरावलेल्या जिभेला पहिला घास फिका लागतो, पण जेवण बहुतेक वेळा फसतं ते चुकीचा मासा मागवल्यामुळं.

नाव ओळखीचं म्हणून लोक सामन किंवा ट्यूना मागवतात. जपानात कच्चा खाल्ला जाणारा सामन बराचसा नॉर्वे आणि चिलीहून येतो. ट्यूनाचाही मोठा वाटा दूरच्या समुद्रात पकडून बोटीवरच गोठवलेला असतो. कानागावातलं मिसाकी बंदर ट्यूनासाठी नावाजलेलं आहे, तिथंही मुख्यतः हाच माल. चवीला वाईट नाही, पण तो टोकियोतही मिळतो. त्यासाठी दोन तास लोकल गाडीत बसायचं कारण नाही. म्हणून एकच शब्द पाठ करून जा: जिझाकाना, म्हणजे त्याच गावच्या पाण्यातला मासा. बसल्यावर विचारा, ‘जिझाकाना वा नानी गा आरिमास का?’ आज इथला कोणता मासा आहे? मालकीणबाई जे बोट दाखवून सांगतील ते मागवा. फळ्यावरची हाताची अक्षरं मोबाइलच्या भाषांतराला पुष्कळदा वाचता येत नाहीत, त्यामुळं तोंडानं विचारणंच भरवशाचं.

घरी करायची तयारी

निघायच्या आधी दोन-तीनदा बिनमसाल्याचा बांगडा करून खा. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि अंग कडक असलेले दीडशे-दीडशे ग्रॅमचे दोन बांगडे घ्या. साफ करून पाठीवर दोन तिरपे छेद द्या आणि दोन्ही बांगड्यांच्या दोन्ही अंगांना मिळून सहा ग्रॅम, म्हणजे साधारण लहान चमचाभर मीठ लावा. वीस मिनिटांनी सुटलेलं पाणी नीट पुसून घ्या. हे पाणी राहिलं तर मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि वास येतो. मग जाळीवर मध्यम आचेवर एका बाजूनं पाच-सहा मिनिटं. मासा एकदाच उलटा. कातडी सुटायच्या आधी उचकटली तर ती जाळीलाच चिकटून राहते. जपानी खानावळीतला शिओयाकी हाच. तो चॉपस्टिकनं खायचा सराव करा.

घरच्या बांगड्यावर कच्चा खाण्याचा प्रयोग मात्र अजिबात करू नका. बांगडा आणि कुपा या जातींचे मासे उबेला राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, गोठवूनही नाही. जपानात कच्चा मासा चालतो यामागं धक्क्यापासूनची मेहनत असते. चांगला मासा पकडल्याबरोबर मेंदूत टोचून मारतात, कल्ल्यापाशी कापून रक्त काढतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घालतात. तडफडून मेलेल्या माशाचं मांस लवकर बिघडतं.

वेळ साधणं

या खानावळी साधारण अकराला उघडतात आणि दोनला बंद होतात. शेवटची ऑर्डर अर्धा तास आधीच घेतली जाते. चांगला मासा साडेबारापर्यंतही संपू शकतो; ‘उरिकिरे’ ऐकू आलं की संपला म्हणून समजा. सव्वाअकराला दारात असा. दारावर कापडी पडदा लटकत असेल तर दुकान चालू. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी आणि समुद्र खवळल्यावर बोटी जात नाहीत. वादळानंतरचे एक-दोन दिवस टाळलेले बरे. छोट्या गावात परतीची गाडी तासा-दोन तासांनी असते, तिचं वेळापत्रक जेवणाआधी बघून ठेवा.

काय मागवायचं

पहिल्या दिवशी तेइशोकु, म्हणजे ताट: मासा, भात, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप, लोणचं. साधारण हजार ते दोन हजार येन. भातावर कच्चे मासे मांडलेलं काइसेनदोन दीड ते तीन हजारांच्या घरात जातं. कच्चं नकोच असेल तर ‘नामा वा निगाते देस’ म्हणा. मग शिओयाकी, सोया-साखरेत शिजवलेला निझाकाना किंवा पावाच्या चुऱ्यात तळलेला ‘आजी’ नावाचा बांगड्यासारखा मासा मिळेल. निझाकानात साके आणि मिरिन ही तांदळाची दारू पडते, हे दारू न चालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. सूप कधीकधी तोनजिरु असतं, म्हणजे डुकराच्या मांसाचं. ‘बुता वा ताबेमासेन’ एवढं सांगितलं की पुरे.

रश्शाशिवाय जेवण न उतरणाऱ्या माणसानं आराजिरु मागवावं. माशाची मुंडी आणि काटे उकळून केलेलं मिसोचं सूप ते. वाटी उचलून तोंडाला लावायची. चमचा येत नाही आणि भुरका मारला तरी कुणी वळून बघत नाही.

हंगाम आणि गाव जुळवून गेलात तर निम्मं काम झालं. तोयामा खाडीकाठचं हिमी हिवाळ्यातल्या बुरी माशासाठी, तेव्हा तो चरबीनं भरलेला असतो. ‘जपान समुद्रा’च्या किनाऱ्यावर तोयामापासून पश्चिमेकडं नर झुवाइ खेकडा 6 नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. शिझुओकातलं युइ साकुराएबीसाठी. गुलाबी जवळ्यासारखी दिसणारी ही बारकी कोळंबी फक्त वसंतात आणि शरदात धरतात. तिची कांदा घालून केलेली काकिआगे भजी नक्की खा. क्युशूतलं योबुको जिवंत माकुळासाठी: अंग काचेसारखं पारदर्शक कापून आणतात आणि उरलेल्या पायांचं नंतर तेंपुरा करून देतात. कोल्हापूरकरानं कच्च्याची सुरुवात शिकोकु बेटावरच्या कोचीत करावी हे माझं ठाम मत. तिथं कात्सुओ हा कुप्याच्या जातीचा मासा भाताच्या पेंढ्याच्या जाळावर बाहेरून भाजतात, आत कच्चा ठेवतात आणि वर कच्च्या लसणीचे काप घालून देतात. धूर आणि लसूण दोन्ही ओळखीचे, त्यामुळं घास अडत नाही. कात्सुओचे हंगाम दोन: वसंतातला हलका, शरदातला चरबीदार.

कोची जमत नसेल तर पांढऱ्या माशापासून चढत जा: आधी ताइ, मग होताते शिंपला, मग आलं-कांदापात घातलेला ‘आजी’ मासा, शेवटी उनी, म्हणजे काटेरी समुद्री साळूच्या पोटातला पिवळा गर. उनी कडू लागला म्हणून अनेकजण तो कायमचा सोडतात. तो कडवटपणा बहुधा आकार टिकावा म्हणून घातलेल्या तुरटीचा असतो. बंदरावर ‘एन्सुइ उनी’ मागा. तो मिठाच्या पाण्यात ठेवलेला असतो, तुरटीशिवाय.

ताट समोर आल्यावर

सोया सॉस लहान बशीत थोडाच ओता. माशाचं एक टोक बुडवा, भातावर ओतू नका. वासाबी सॉसमध्ये कालवण्याऐवजी माशावर मोहरीएवढा ठेवा, म्हणजे त्याचा झणका नाकापर्यंत पोचतो. मुळ्याचा कीस आणि शिसोचं पान खायचंच असतं. दोन माशांच्या मध्ये खाल्लं की तोंड स्वच्छ होतं.

अख्खा भाजलेला मासा येतो तेव्हा मुंडी डावीकडं असते. मधल्या काट्यावर चॉपस्टिकनं रेघ मारा आणि वरची बाजू मुंडीकडून शेपटीकडं संपवा. मग मासा न उलटता शेपटीकडून काटा उचलून बाजूला ठेवा आणि खालचं मांस खा. उलटवला तर मांस मोडतं, बारीक काटे त्यात मिसळतात, शिवाय ते तिथं असभ्य समजतात. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका आणि चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर घास देऊ नका. दोन्ही गोष्टी मर्तिकाच्या विधीतल्या आहेत.

पिशवीतली कांदा-लसूण चटणी पिशवीतच राहू द्या. बाहेरचं खाणं आत आणलेलं बहुतेक ठिकाणी चालत नाही. तिखट हवंच असेल तर ‘शिचिमी’ मागा, सूपवर टाकायला.

पोटाची काळजी

कच्च्या माशातला खरा धोका अनिसाकिस या बारक्या अळीचा. साबा (जपानी बांगडा), माकुळ, कात्सुओ यांत ती सापडते. वासाबी, व्हिनेगर, सोया सॉस यांनी ती मरत नाही. उणे 20 अंशांवर 24 तास गोठवल्यानं किंवा नीट शिजवल्यानं मरते. पांढरा दोरा वेटोळं करून बसल्यासारखा दिसला तर खाणं थांबवून दाखवा. जेवणानंतर काही तासांत पोटात असह्य कळा आल्या तर रुग्णवाहिकेसाठी 119 ला फोन करा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं आधी सांगा. दुर्बिणीनं अळी काढली की आराम पडतो.

कालवं दोन प्रकारची विकतात, कच्ची खायची आणि शिजवायची. हा फरक ताजेपणाचा नसून कोणत्या पाण्यातून काढली आणि कशी शुद्ध केली याचा आहे. शिजवायची कालवं कितीही ताजी दिसली तरी कच्ची खाऊ नका. गरोदर बाई, लहान मूल, यकृताचा आजार असलेला माणूस यांनी फक्त शिजवलेलं खावं. तेवढ्यातही मेजवानी होते.

पैसे देताना

फळ्यावर किमतीऐवजी ‘जिका’ लिहिलं असेल तर तो त्या दिवसाचा बाजारभाव. खेकडा आणि उनी मागवण्याआधी ‘इकुरा देस का’ विचारून घ्या. रोख ठेवा, त्यातही हजार येनच्या नोटा. काही ठिकाणी दाराशीच जेवणाचं कुपन काढायचं यंत्र असतं आणि जुलै 2024 मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी यंत्रं घेत नाहीत. टेबलावर टिप ठेवू नका. विसरले समजून मालकीणबाई पैसे घेऊन मागं पळत येतील. पैसे गल्ल्यावर, छोट्या तबकात ठेवायचे आणि पडद्याखालून बाहेर पडताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणायचं, आतल्या आचाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.